लेन्स कुणी बदलल्या?

४ सप्टेंबर १९९०, मंगळवार

खोटं बोलले मी. आणि इतक्या सहज!

डार्करूममध्ये होतो दोघं. दिवा बंद. मी रोल रिळावर चढवत होते. शेजारून ओइकावासान म्हणाले, "निकॉन सोडून कॅनन? हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"वरून ठरलं," मी म्हणाले. "संपादकसाहेबांनी."

"तेत्सुनं?" ते हसले. मग नुसता नळाचा आवाज. मग म्हणाले, "बरं."

काळोखात तोंड दिसत नाही ते किती बरं!

वरून काहीएक ठरलं नव्हतं. जुलैत संपादक कोमुकाईसाहेबांनी मला एकटीलाच बोलावलं होतं. आमच्या पेपरला फोटोग्राफर दोनच, ओइकावासान आणि मी. कॅमेरे पार झिजलेत, नवा संच घ्यायचा, दोघांत मिळून एकाच कंपनीचा. "तोकु आता निवृत्तीला आलाय. पुढं तुलाच वागवायचंय हे सगळं. तूच सांग," साहेब म्हणाले. ते नि ओइकावासान बालमित्र, एकमेकांना तेत्सु-तोकुच म्हणतात. निकॉनचाच नवा कॅमेरा घेतला असता तर कपाटातल्या साऱ्या जुन्या लेन्स त्याला बसल्या असत्या. मला ते पक्कं ठाऊक होतं. तरी कॅनन म्हणाले. घरी जाऊन विचार करते, एवढंही म्हणाले नाही.

निघताना साहेब म्हणाले होते, "तोकुला तूच सांग हं. मी सांगितलं तर भांडेल."

"सांगते," म्हणाले होते मी. हे असं सांगितलं!

५ सप्टेंबर

का केलं ते लिहून टाकते. आणखी कुठं लिहिणार?

कॅननचा फोकस झटकन लागतो, आवाज न करता लागतो, सगळं खरं. पण ते कारण नाही. मी या पेपरात आले तेव्हा कॅमेऱ्यात रोल कुठून घालतात तेही मला येत नव्हतं. सगळं ओइकावासाननी शिकवलं. एकदा त्यांना 'सेन्सेई', म्हणजे गुरुजी, म्हणाले (डॉक्टरांनाही तेच म्हणतात) तर म्हणे, "दात उपटायला आलीयस का? सेन्सेई म्हणायचं तर दातवाल्याकडं जा." तेव्हापासून नुसतं ओइकावासान.

पण कपाटातली एकेक लेन्स म्हणजे त्यांचा हात. कुठली कुठं हलते, कुठली थंडीत घट्ट होते, ती कशी धरायची — सगळं त्यांच्याच तोंडून. बंदरावर गेले की मासेवाले म्हणतात, "ओइकावाची ओरिए आली." चौतीस वर्षांची झाले तरी!

मला एक अशी लेन्स हवी होती की जिच्याबद्दल मला कुणी काही शिकवू शकणार नाही.

बस. एवढंच. एवढ्याशा गोष्टीपायी!

११ सप्टेंबर, मंगळवार

खोकी आली. दुकानाचा माणूस जुनं सामान मोबदल्यात घेऊन गेला.

तो लांबचं जवळ आणणारी तीनशेची मोठी लेन्स उचलायला लागला तेव्हा ओइकावासान म्हणाले, "थांब जरा." शर्टाच्या आतल्या बाजूनं पुढची काच पुसली. दोन्ही झाकणं लावली. लहान मुलाला टोपी घालावी तशी. म्हणाले, "हिच्या पोटात थोडी बुरशी आहे. घेणाऱ्याला सांगा, उन्हाकडं तोंड करून वापरू नका."

तो माणूस 'हो हो' म्हणाला आणि बाकीच्या लेन्सबरोबर खोक्यात टाकून गेला.

साहेबांनी ओइकावासानपुढं नवा कॅमेरा ठेवला. त्यांनी हातात घेतला, डोळ्याला लावला, खाली ठेवला. "माझा आहे मला," म्हणाले. त्यांचा स्वतःचा घरचा निकॉन, आणि त्याच्या तीन लहान लेन्स. लांबचं काही टिपायचं तर त्यांच्याकडं आता काहीच नाही.

साहेब म्हणाले, "हट्टी आहेस." ते म्हणाले, "तू विकणारा, मी हट्टी. जोडी बरी आहे."

मी खोक्यातले थर्माकोलचे तुकडे गोळा करत बसले होते. मान वर केली नाही.

१४ सप्टेंबर

लेन्स उलटी फिरवते आहे. दोन्ही कंपन्यांच्या कड्या एकमेकींच्या उलट फिरतात. काढायला जाते तर घट्ट, बसवायला जाते तर बसत नाही. हाताला खरं खोटं कळत नाही, सवय कळते.

१८ सप्टेंबर, मंगळवार

नवी तीनशे — काय सांगू! बोट टेकवायचा अवकाश, समोरचा माणूस धुक्यातून बाहेर आल्यासारखा येतो. धक्क्यावर सानमा उतरवत होते, एकेक चांदीचा मासा मोजून घ्यावा इतका स्पष्ट. मी एकटीच हसत होते.

मागं ओइकावासान उभे. "दाखव," म्हणाले. त्यांनी लावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "छान आहे गं." आणि पाठीवर थाप.

त्यापेक्षा शिवी दिली असती तर चाललं असतं!

२२ सप्टेंबर, शनिवार

मोरिओकाला जाऊन आले, सुट्टीचा दिवस. आईला सांगितलं, बूट घ्यायचेत. (आता हे आणखी एक खोटं.)

जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेले. म्हातारा मालक चष्मा कपाळावर ठेवून बसला होता. विचारलं, कॅननची नवी लेन्स जुन्या निकॉनला बसेल अशी काही कडी मिळते का?

"नाही," तो म्हणाला. "त्या लेन्सला आत डोळा उघडायला-मिटायला वीज लागते. जुना निकॉन ती कुठून देणार? आणि बसवलीच, तरी लांबचं कधी स्पष्ट दिसायचं नाही."

"काहीच उपाय नाही?"

"उलटं चालतं." त्यानं खणातून एक कडी काढली, कुणीतरी लेथवर घडवलेली. "जुन्या निकॉनची लेन्स तुमच्या नव्या कॅमेऱ्याला बसते या कडीनं. फोकस हातानं करायचा, उजेडही हातानं कमी-जास्त करायचा. पण बसते. निकॉनचं तुम्हाला चालेल. तुमचं निकॉनला नाही."

मी कडी घेतली नाही. त्यांच्या उरल्यासुरल्या लेन्सही मीच वापरायच्या का?

"कुणासाठी हवी होती?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"ऑफिसातल्या एकांसाठी."

"मग त्यांनाच विचारा ना, काय हवं ते," तो म्हणाला. बरोबरच होतं. चडफडत बाहेर पडले.

२३ सप्टेंबर

बूट न घेताच आले म्हणून आई हसली. मी तिच्यावर ओरडले.

३० सप्टेंबर, रविवार

प्राथमिक शाळेचा क्रीडादिन. ओइकावासान गेले होते. फोटो धूसर आले, बहुतेक सगळे. धावणाऱ्या मुली म्हणजे वाऱ्यातली धुणी. पूर्वी ते मैदानाच्या कडेला बसून तीनशेनं टिपायचे. आता छोटी लेन्स घेऊन मैदानात धावावं लागतं. या वयात! लेन्स नाही म्हणून हे झालं. म्हणजे माझ्यामुळं.

त्यातल्या त्यात बरा एक निवडून मी साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी भिंगातून पाहिला, माझ्याकडं पाहिलं. छापला.

उद्या सांगायचं. ठरलं.

१ ऑक्टोबर

नाही सांगितलं.

८ ऑक्टोबर, सोमवार

अक्षर बघ कसं येतंय!

पहाटेपासून वादळाची शेपटी. सकाळी फोन — भुशिरापाशी खडकांवर एक मालवाहू बोट चढलीय, माणसं अडकलीत. आम्ही दोघं ऑफिसच्या गाडीतून गेलो. वर दीपगृहापाशी पोलिसांनी दोरी बांधलेली. तिथून बोट स्पष्ट दिसत होती. एका कुशीवर कललेली, आणि डेकच्या कठड्याला चिकटलेली माणसं.

मी तीनशे लावली. लगेच चेहरे दिसायला लागले. एक जण दुसऱ्याच्या कमरेला दोर बांधत होता. मी टिपत सुटले.

ओइकावासाननी कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला. "इथून माझ्या कॅमेऱ्यात माणसाची मुंगी होते," म्हणाले. "खाली जातो."

"नका जाऊ! माझ्याकडं आलंय सगळं, दोघांना पुरेल," मी ओरडले.

"दोघांना?" वाऱ्यात एवढंच ऐकू आलं. दोरीखालून वाकून गेले. मी थांबवायला हवं होतं. पण तेवढ्यात तिकडं जाळीत बसवून एका माणसाला वर खेचायला लागले होते. मी कॅमेरा डोळ्यावरून काढला नाही. खरं तेच लिहिते — काढला नाही!

पुन्हा पाहिलं तेव्हा ते खालच्या खडकांवर होते. पाय चुकला. लाट आली आणि ते दिसेनासे झाले.

पोलिसांनी काढलं त्यांना. मनगट मोडलं, कपाळाला टाके, कॅमेऱ्यात समुद्र. रुग्णवाहिकेत शुद्धीवर होते. मला म्हणाले, "ओरिए, तुझं आलं का?"

आलं. संध्याकाळच्या अंकात पहिल्या पानावर आलं, पाच कॉलम. बोटीवरची सगळी माणसं वाचली. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं, टाळ्या वाजवल्या. मी डार्करूममध्ये जाऊन दिवा बंद करून बसले.

१० ऑक्टोबर

दवाखान्यात गेले होते. त्यांची बायको किनुसान पायथ्याशी बसून विणत होती. "वेडा आहे हा माणूस," म्हणाल्या. "आधी मासेमारी सोडली, तेव्हा मला वाटलं, आता समुद्रात पडायची भीती गेली!"

ते हसले. मी पण हसले. सांगायचं होतं ते तसंच गिळलं. बायकोसमोर कसं सांगायचं! (निमित्त.)

२२ ऑक्टोबर, सोमवार

आज जे झालं ते कधी विसरणार नाही.

हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी, असे ओइकावासान ऑफिसात आले. थेट साहेबांच्या खोलीत. दार उघडंच ठेवलं. सगळं ऐकू आलं, छापखान्यातली माणसंसुद्धा जिन्यात येऊन उभी राहिली.

"तेत्सु! तू माझे डोळे विकलेस!"

"बस आधी, तोकु."

"मला न विचारता! इतकी वर्षं तुझ्या पेपरासाठी चिखलात लोळलो, नि एका सकाळी उठून म्हणतोस निकॉन नको! ती तीनशे असती तर मी खडकावर कशाला गेलो असतो? बोल ना! पोरवयात एका होडीत उलट्या केल्यात आपण, माझ्याशी बोलायला तुझी जीभ झडली होती?"

साहेब माझ्याकडं पाहत नव्हते. मी बरोबर समोर, काचेपलीकडं. त्यांनी एकदा जरी नजर वळवली असती तरी सगळ्यांना कळलं असतं.

"मी ठरवलं ते ठरवलं," साहेब म्हणाले. "पेपर माझ्या अंगावर आहे."

"मग घे अंगावर." ओइकावासाननी डाव्या हातानं राजीनामा टेबलावर आपटला. जाताना माझ्या खुर्चीपाशी थांबले. मला वाटलं, आता! पण म्हणाले, "मोठ्या लेन्सला पट्टा दुहेरी लाव. एकेरी तुटतो."

जिन्यातली माणसं बाजूला झाली. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

२३ ऑक्टोबर

साहेबांकडं गेले. दार लावून घेतलं.

"तुम्ही सांगितलं का नाही?"

ते खिडकीबाहेर पाहत चहा पीत होते. "तू सांगशील म्हणून वाट बघत होतो. जुलैपासून."

मी खुर्ची ओढून बसले.

"काल त्यानं मला ज्या शिव्या दिल्या ना," साहेब म्हणाले, "त्या तुझ्या होत्या. मी ठेवून घेतल्यात. तुला वाटेल तेव्हा घेऊन जा."

"मी राजीनामा देते."

"छान! म्हणजे मी फोटो काढू? मला कॅमेऱ्याचं तोंड कुठलं नि बूड कुठलं ते कळत नाही." मग आवाज उतरला. "त्याच्याशी मी लहानपणापासून भांडतोय, ओरिए. पण संध्याकाळपर्यंत आम्ही पुन्हा बोलायचो. काल संध्याकाळी मी वाट पाहिली. तो आला नाही."

३ नोव्हेंबर, शनिवार

बंदरावर सगळ्यांच्या तोंडी तेच. "ओइकावानं राजीनामा तोंडावर फेकला! लेन्स विकल्या म्हणून!" बर्फवाला सांगतो, लिलाववाला सांगतो, दर वेळी गोष्टीत एक शिवी वाढते. त्यांना फुकट साके पाजतात म्हणे. आणि साहेब रस्त्यानं गेले की लोक नमस्कार करतात, पण वाकत नाहीत.

आज साहेब एकटे जेवत होते, नूडल्सच्या दुकानात, कोपऱ्यात. मालकानं वाडगा जरा जोरातच ठेवला.

तो वाडगा माझ्यासमोर आपटायला हवा होता!

११ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं!! शेवटी सांगितलं!

त्यांच्या घरी गेले. पडवीत बसून ते काकी नावाची नारिंगी फळं वाळवायला दोरीत ओवत होते, प्लास्टर निघालंय. किनुसान बाजारात गेल्या होत्या. चहाची वाटसुद्धा पाहिली नाही. उभ्या उभ्याच बोलले.

"साहेबांनी नाही. मी. कॅनन मी मागितला. निकॉन ठेवता आला असता, तेही माहीत होतं मला. तुम्हाला खोटं सांगितलं. तुम्ही पडलात ते माझ्यामुळं. साहेबांशी भांडलात ते माझ्यामुळं." मग गुडघ्यांवर बसून कपाळ पडवीच्या लाकडाला टेकवलं. रडायचं नाही असं ठरवून गेले होते. रडले.

ते ओवत राहिले. एक फळ, मग दुसरं. मला वर बघायचं धैर्य नव्हतं. नुसता दोरीचा आवाज येत होता.

"का?" एवढंच विचारलं.

तेही सांगितलं. लोक 'ओइकावाची ओरिए' म्हणतात ते. जिच्याबद्दल मला कुणी शिकवणार नाही अशी लेन्स हवी होती ते. बोलताना स्वतःचीच लाज वाटत होती.

त्यांनी दोरीला गाठ मारली. मग म्हणाले, "नाक पूस. उद्या सकाळी धक्क्यावर ये."

रागावले का? माफ केलं का? काही कळत नाही. आता साहेबांचं नाव तरी धुऊन निघेल. उद्या त्या दोघांना समोरासमोर बसवते. लिलाववाल्याला, बर्फवाल्याला, नूडलवाल्याला, सगळ्यांना सांगते. छाती हलकी झाली. कितीतरी दिवसांनी आईशी नीट बोलले.

१२ नोव्हेंबर, सोमवार

धक्क्यावर त्यांनी समोरच्या होडीकडं बोट केलं. "नाव वाच."

वाचलं. अक्षरं हाताएवढी मोठी होती.

"मला होडी दिसते. नाव नाही," ते म्हणाले. "मधोमध डाग आहे, दोन्ही डोळ्यांत. पार गेल्या वर्षापासून. तुझा कॅमेरा आपोआप फोकस करतो, पण तो बरोबर लागला की चुकला, तेही मला दिसत नाही. खडकसुद्धा दिसला नव्हता. तीनशे असती तरी मी पडलोच असतो कुठंतरी."

मग हसले. "कॅनन तू मागितलास ते मला त्याच दिवशी कळलं. तेत्सुला त्यातलं काय कळतंय! पण मला बाहेर पडायला दार हवं होतं, नि तू उघडून दिलंस. आंधळा झाला म्हणून घरी बसला, असं मी ऐकून घेणार नाही. भांडून गेला, असं म्हणू देत. किनुलासुद्धा माहीत नाही. कुणी विचारलं तर सांगायचं, कोमुकाईनं लेन्स विकल्या. सांगशील ना?"

"आणि साहेब?"

"तो सहन करेल. त्याला दिसतं."

परत येताना लिलाववाल्यानं हटकलं. "काय गं, खरंच का? संपादकानं न विचारताच विकल्या?"

मी हो म्हणाले.